रात्रपाळीचा मुद्दा

लंडनमधील आमच्या फौजदारी चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, प्युपिलेजसाठी, म्हणजे बॅरिस्टरला करावी लागणाऱ्या बारा महिन्यांच्या उमेदवारीसाठी, दरवर्षी मुलाखती होतात. गेल्या वर्षी पहिल्या फेरीत परीक्षक म्हणून मीही बसलो होतो. अर्जावरील नाव आणि शाळा आमच्यापासून झाकलेली असली, तरी अर्जदाराने तोंड उघडताच शाळा कळते. वादविवाद स्पर्धांत वाढलेल्या मुलांची वाक्ये घोटलेली असतात.

दुपारी आलेली मुलगी त्यांतली नव्हती. सुपरमार्केटात काम करून तिने बॅरिस्टर होण्यासाठीचा बार कोर्स पुरा केला होता. सुरुवातीच्या प्रश्नांना तिने अडखळत उत्तरे दिली, तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'आत्मविश्वास' या रकान्यात किती गुण लिहिले ते मला दिसत होते.

मग जामिनाचा सराव झाला. आरोप मारहाणीचा होता, आरोपी गोदामात कामाला होता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहणार होता. 1976च्या जामीन कायद्याचा दाखला सकाळपासून प्रत्येकाने सफाईने दिला होता आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात घरातच राहण्याची अट आपणहून देऊ केली होती. हिने मात्र कागदपत्रांतली पगाराची चिठ्ठी वाचली होती. आरोपीची पाळी रात्री दहाला सुरू होते, ही अट घातल्यास नोकरी जाईल, भाडे थकेल आणि ज्या पत्त्याच्या भरवशावर जामीन मागतो आहोत तो पत्ताच उरणार नाही, असे तिने सांगितले. त्याऐवजी साक्षीदाराच्या गल्लीत न फिरकण्याची आणि पाळी संपल्यावर रोज सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी देण्याची अट तिने सुचवली.

शेवटी तिने एकच प्रश्न विचारला: विद्यावेतनाचा पहिला हप्ता कधी मिळतो? पहिले सहा महिने स्वतःची प्रकरणे घेता येत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न रास्तच होता. 1916 मध्ये ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या लंडनमधील संस्थेत दाखल झालेल्या बाबासाहेबांनाही शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये परतावे लागले होते; ते बॅरिस्टर झाले 1922 मध्ये.

ती 'अजून घडायची आहे', असे ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत पडले. बारा महिने घडवण्यासाठीच तर असतात, असे मी म्हणालो. सर्वाधिक गुण युक्तिवादाला ठेवायचे हे आधीच ठरलेले असल्याने ती दुसऱ्या फेरीत गेली. पहिला हप्ता रुजू होण्यापूर्वी द्यावा, हा प्रस्ताव पुढच्या बैठकीत त्याच ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मांडला आणि तो मंजूर झाला.