फोन दुरुस्तीला दिला तेव्हा

फोन जवळ नसला की जीव कासावीस होतो, त्याला आपल्याकडे एकच नाव ठरलेलं आहे: व्यसन. मला हे मुळीच पटत नाही. तारवट्याच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याच्या, घरातली बाई म्हणून मला यावर बोलायचंच आहे.

माझा नवरा क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला आहे. बंदर लागलं, ड्युटीतून सवड मिळाली आणि वायफाय सापडलं, की त्याचा फोन येतो. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन असतील, नाहीतर ऐन ऑफिसची वेळ. तो फोन चुकला तर पुढच्या बंदरापर्यंत वाट बघायची. यंदाच्या पावसात माझ्या फोनचा डिस्प्ले गेला आणि फोन इथे गोव्यात साखळी शहरात दुरुस्तीला ठेवावा लागला. पणजीच्या बसमध्ये हात सारखा पर्सच्या बाहेरच्या कप्प्याकडे जायचा. चेन उघडायची, आत सुटे पैसे आणि रुमाल, चेन लावायची. माशेल सोडलं आणि मांडीवरच्या पर्समध्ये चक्क थरथर जाणवली! अशी नसलेली थरथर पुष्कळांना जाणवते, त्यावर अभ्यासही झालेत, हे मला नंतर वाचून कळलं. त्या वेळी मात्र घशाला कोरड पडली होती.

सासूबाई शांत होत्या. सासरेही तारवावरच होते, पण तेव्हा पत्र यायला महिना-महिना लागायचा. ‘पत्र नाही म्हणजे बोट पाण्यात आहे, एवढंच समजायचं,’ त्या म्हणाल्या. मी यावर खूप विचार केला. त्यांची माया माझ्यापेक्षा कमी नव्हती. पण महिनाभराच्या गप्पपणाचा अर्थ तेव्हा वाईट नव्हता. आज दोन निळ्या खुणा उमटून तासभर उत्तर नाही आलं, तर मन थेट अपघातापर्यंत पोचतं. माणूस कधीही सापडेल अशी सवय फोनने लावली. ही भीती त्या सवयीच्या पोटातली आहे.

नोमोफोबिया, म्हणजे फोन जवळ नसण्याची भीती, हा शब्द २००८ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीच्या वेळी पुढे आला. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ही भीती मोजायला वीस प्रश्नांची प्रश्नावली केली. त्यात चार गोष्टी वेगळ्या काढल्यात: कुणाशी बोलता न येणं, ऑनलाइन जगापासून तुटणं, हवी ती माहिती न मिळणं आणि हाताशी असलेली सोय जाणं. माझं सगळं दुखणं पहिल्यात. बारावीतल्या माझ्या मुलीचं दुसऱ्यात: ग्रुपवर काय ठरलं ते आपल्याला सोडून सगळ्यांना कळेल, ही तिची धास्ती. दोघींना एकच औषध कसं लागू पडेल? आणि परीक्षा आली की फोन कपाटात कोंडणं हे तर औषधच नव्हे. मुलगी पुस्तक उघडून बसते, लक्ष कपाटाकडे.

आमच्या घरी आता काय केलंय ते सांगते. शेजारच्या वहिनींचा, माझ्या ऑफिसचा आणि नवऱ्याच्या एजंटचा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलाय. मी फोन उचलला नाही तर वहिनींना लावायचा, हे नवऱ्याशी बोलून ठेवलंय. मुलगी अभ्यासाला बसण्याआधी मैत्रिणींना कळवते, ‘नऊनंतर बघते,’ आणि फोन स्वतःच्या हाताने सासूबाईंच्या खोलीत ठेवते. पहिले काही दिवस ती चिडचिडी होती. आता ती नऊच्या आधी अभ्यासावरून उठत नाही.

कुणाची झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, काम सुटत असेल, तर घरच्यांनी टोमणे मारू नयेत. बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही माणूस बोलतो. हा नंबरसुद्धा मी कॅलेंडरवरच लिहिलाय, एजंटच्या नंबरखाली.