संभाजीनगर–धाराशिव दौरा: कोबॉलमधली जुनी गावं शोधताना

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. मेनफ्रेमवरच्या (मोठ्या मध्यवर्ती संगणकावरच्या) कोबॉल भाषेतल्या प्रोग्राममध्ये मात्र जुनी नावं अजून जागोजागी थेट लिहिलेली आहेत. ती हुडकायला हा दौरा होता: दोन दिवस संभाजीनगरात सोर्स (प्रोग्रामचा मूळ मजकूर) तपासायचा, एक दिवस धाराशिवच्या शाखेत छापील पत्रं ताडून बघायची. मधला प्रवास बीडवरून, सोलापूर–धुळे महामार्गाने; त्याला अर्धा दिवस वेगळा धरा. मशीन असतं दुसरीकडेच, आपण फक्त टर्मिनलवर. म्हणून घर सोडण्याआधी लॉगऑन आयडी, सोर्स आणि कॉपीबुक (अनेक प्रोग्रामांत वापरला जाणारा सामाईक कोड) अशा दोन्ही लायब्रऱ्या वाचण्याचा अधिकार आणि जॉब (मशीनला द्यायचं काम) सबमिट करायची परवानगी हातात घ्या.

छोट्या लायब्ररीत शोधायला आयएसपीएफचा (मेनफ्रेमवरच्या मेन्यूंचा) ३.१४ हा शोधाचा पर्याय पुरतो. पण नुसती सापडलेली ओळ बघून काही ठरवता येत नाही, कारण औरंगाबाद बिहारमध्येही आहे. जिल्ह्याच्या फील्डमध्ये (माहितीच्या रकान्यात) ‘औरंगाबाद’ मूव्ह होतंय, म्हणजे भरलं जातंय, एवढंच दिसतं. ते कुठलं, हे चार-पाच ओळी वर, इफ या अटीमधल्या राज्याच्या कोडवरून कळतं. तिथे ‘एमएच’ असेल तर बदल करा, ‘बीआर’ असेल तर हात लावू नका.

म्हणून आजूबाजूच्या ओळीही दाखवणारा बॅच जॉबच बरा. शोध घेणारा प्रोग्राम आयएसआरएसयूपीसी, पार्ममध्ये (प्रोग्रामला द्यायच्या पर्यायांत) एसआरसीएचसीएमपी आणि त्यापुढे एनीसी व एलपीएसएफ. एनीसीमुळे कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही. एलपीएसएफमुळे सापडलेल्या ओळीच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा-सहा ओळी मिळतात. जॉबमधल्या न्यूडीडी या ओळीवर दोन्ही लायब्रऱ्या एकाखाली एक जोडा, निकालाची ओळ आउटडीडी सिसआउटला (छपाईच्या रांगेला) द्या, सिसिनमध्ये (शोधाच्या सूचनांत) एसआरसीएचफॉर लिहून पुढे एकेरी अवतरणात शब्द. सापडलं तर रिटर्न कोड (काम संपल्यावर मिळणारा आकडा) १ येतो, नाही सापडलं तर ०. जॉबमध्ये पुढच्या स्टेप असतील तर कंडिशन लावताना हा १ म्हणजे बिघाड समजू नका.

सहा ओळी बहुतेक ठिकाणी पुरतात, टेबलात पुरत नाहीत. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे फिलरच्या (बिननावाच्या फील्डच्या) व्हॅल्यू म्हणून एकाखाली एक लिहिलेले असतात आणि त्याच जागेला टेबलाचं रूप देणारं रीडिफाइन्स अगदी खाली असतं. तिथे सिसिनमध्ये एलपीएसएफव्ही ४० द्या, कमाल ५०. मग एका सापडण्यामागे ८१ ओळी येतात. म्हणून पहिली फेरी एलएमटीओ लावून फक्त मेंबरवार (लायब्ररीतल्या एकेका फाइलवार) बेरजांची करा आणि जास्त ओळी निवडक मेंबरांसाठीच मागा.

या टेबलांवर वेळ घालवाच. इंग्रजी स्पेलिंगात उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही नऊ अक्षरांचे, त्यामुळे नुसती अदलाबदल केली की झालं असं वाटतं. पण टेबल वर्णक्रमाने लावलेलं असेल आणि त्यावर सर्च ऑल (क्रम गृहीत धरून दरवेळी निम्मा भाग गाळत शोधणारा आदेश) चालत असेल, तर ‘ओ’च्या जागी बसलेलं धाराशिव त्या बायनरी शोधाला सापडेलच असं नाही. नवा क्रम असा हवा: चंद्रपूर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, धुळे. हे रीडिफाइन्स आणि असेंडिंग की (टेबल कशाच्या चढत्या क्रमाने आहे ते सांगणारी) डोळ्यांसमोर असल्याशिवाय लक्षातच येत नाही. आजूबाजूच्या ओळी मागायच्या त्या याचसाठी.

शोधातून निसटणाऱ्या जागाही आहेत. मोठं लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेला मजकूर) ७२व्या कॉलमला तुटून पुढच्या ओळीत, सातव्या कॉलममधल्या हायफननंतर सुरू राहतं. हा शोध ओळीपुरताच चालतो, त्यामुळे तुटलेलं नाव त्याला दिसत नाही. शब्दाचा पुढचा आणि मागचा तुकडा वेगवेगळा शोधा. नुसतं ‘आबाद’ टाकलंत तर हैदराबाद, अहमदाबाद, फरिदाबाद सगळी गोळा होतील. सातव्या कॉलमला तारा असलेल्या कॉमेंट ओळी गाळू नका; तो कोड तिथे का आला, हे कधी कधी फक्त त्यांतच लिहिलेलं असतं.

धाराशिवला जाताना प्रत्येक नमुन्याचं एकेक पत्र नव्या कोडवरून छापून न्या. संभाजीनगरचं पूर्ण नाव इंग्रजीत जागेसकट २५ अक्षरांचं. फील्ड २० अक्षरांचं असेल तर मूव्ह एरर न देता मागचा भाग कापतं आणि पत्त्यात नुसतं ‘छत्रपती संभाजी’ उमटतं. १५ अक्षरांचं असेल तर ‘छत्रपती सं’च्या पुढे काही उरत नाही. फील्ड वाढवलं असेल, तर त्याच ओळीवरचा पिनकोड सरकून पाकिटाच्या पारदर्शक खिडकीबाहेर गेला नाही ना, हे शाखेतल्याच पाकिटात पत्र घालून बघा.