मिरजेत दोन खोल्यांची नोंदणी करताना

ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसाला आणि दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला मिरजेत लांबून माणसं येतात. त्यातल्या मुस्लिम कुटुंबांची फार आबाळ होते. लॉजवर बायकामुलींना अवघडतं, मटण हलाल आहे का हे विचारायलाही संकोच वाटतो. म्हणून वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवायचं ठरवलं.

वेळ गेला तो सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं म्हणून. त्यांचं संमतिपत्र जोडलं, तेव्हा फाईल पुढे सरकली. पाहणीला आलेल्या साहेबांनी संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, आग विझवायचं सिलिंडर बघितलं. छताला चिकटवलेला बाण दिसला तसं, ‘‘ताई, हे काय?’’ म्हणाले. नमाज पढताना तोंड करायची ती किब्ल्याची दिशा, पश्चिमेला पण जरा उत्तरेकडे, असं सांगितल्यावर त्याचाही फोटो घेतला.

खरी अडचण स्वयंपाकघराची. अन्न नोंदणी वर्षाला 100 रुपयांत ऑनलाइन होते, पण तिथे हलालचा रकाना नाही. केंद्र सरकारची हलाल प्रमाणपत्राची व्यवस्था आहे ती मांस निर्यातीसाठी. खासगी संस्थेचं शुल्क दोन खोल्यांच्या धंद्याला झेपत नाही. मलेशियात जाकिम हे सरकारी खातंच प्रमाणपत्र देतं, आणि 2009 पासून तिथे इस्लामी पर्यटनाचं स्वतंत्र केंद्र आहे. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला तंबोरा न्यायला तिकडून आलेल्या कुटुंबाने साहजिकच कागद मागितला. मी त्यांना सरळ आमच्या मुलाण्याच्या, म्हणजे हलाल पद्धतीने जनावर कापणाऱ्याच्या, दुकानात नेलं. आपल्या भागात जत्रेचं बकरंसुद्धा मुलाणीच कापतो, हेही सांगितलं. रात्री सगळे पोटभर जेवले. (परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे नव्याने नोंदणी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.)

राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण 2020 मध्ये आणलं, महिलांसाठी ‘आई’ धोरण 2023 मध्ये. मग अशा पाहुण्यांसाठी साधी ऐच्छिक नियमावली का नको? वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, नळ, दारू नाही, मांस कुठून आणलं त्याची पावती, एवढं लिहिलेलं असलं तरी पाहुणा निर्धास्त होईल, आणि ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही. तसा लेखी अर्ज मी संचालनालयाच्या पुण्यातल्या विभागीय कार्यालयात दिलाय. पोच मिळाली आहे, आता पाठपुरावा करतेय.