आमची वाटचाल: माशेलचं किचन आणि रताळ्याचं वॉफल

आमचा धंदा छोटा आहे. माशेलला घराच्या मागच्या बाजूला बांधलेलं एक किचन, मी, माझी जाऊ आणि गावातल्याच दोघी जणी, आणि बनवतो काय तर रताळ्याचे वॉफल, कुठलंही धान्य न घालता. गहू नाही, तांदूळ नाही, नाचणी नाही, मका पण नाही. बाजारात भेटणारे, नात्यातले, कॅफेवाले सगळे विचारतात की हे सुचलं कसं आणि गोव्यात असलं चालतं कसं, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात जावेच्या मुलापासून झाली. त्याला सीलिअॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि त्यावर औषध असं काही नाही, ग्लूटेन आयुष्यभर बंद हाच उपाय. आता गोव्यातली सकाळ म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, सायकलवर पदेर म्हणजे पाववाला येतो, पों पों भोंपू वाजवतो आणि घराघरांतून पोळी, उंडे, कांकणं असे गव्हाचे पाव घेतले जातात, भाजी-पाव हा तर आमचा ठरलेला नाश्ता. त्या पोराला यातलं काहीच चालेना. तांदूळ त्याला चालतो, म्हणून मग सकाळी आंबोळी, दुपारी शीत-कढी, रात्री परत भात असं सुरू झालं, आणि पोट भरत होतं हे खरं पण दिवसभर तांदूळच तांदूळ, ना त्यात म्हणावा तसा फायबर ना प्रोटीन, जावेला ते बघवेना. म्हणून आम्ही धान्य सोडून दुसरं काय करता येईल ते शोधायला लागलो. दीर आखातातून येताना वॉफल मेकर घेऊन आलेले, तो कपाटातच पडून होता, आणि बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारातून आणलेली रताळी घरात होती.

रताळंच का, तर ते इथलं आहे. पावसाळी भात कापून झालं की आमच्याकडे त्याच शेतात वरंबे करून रताळ्याचे वेल लावतात, बी लागत नाही, वेलाचे तुकडेच लावायचे, आणि साडेतीन-चार महिन्यांत कणगां, म्हणजे रताळी तयार. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण ८६ कॅलरी, तीन ग्रॅम फायबर आणि दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे प्रोटीन कमीच, ते आम्ही अंड्यातून आणि काजूतून भरून काढतो.

आता मुख्य गोष्ट, बॅटर. रताळ्यात पाऊण भागापेक्षा जास्त पाणी असतं आणि गव्हासारखं धरून ठेवणारं त्यात काही नाही, त्यामुळे नुसता कुस्करलेला गर मशीनमध्ये घातला तर वर करपतो, आत गिच्च राहतो आणि मशीन उघडलं की अर्धा वर अर्धा खाली. पहिला प्रश्न म्हणजे रताळं शिजवायचं कसं. भाजलं तर गर कोरडा मिळतो, बॅटरला सोपं पडतं, पण रताळ्यात एक एन्झाइम असतं ते हळूहळू तापताना स्टार्चची साखर करतं, म्हणून चुलीत भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं. ती जास्तीची साखर वॉफल मेकरला चिकटते आणि पटकन काळी पडते. शिवाय भाजलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती पटकन वाढते त्याचं माप, उकडलेल्यापेक्षा बराच वर जातो, आणि आमचे निम्मे गिऱ्हाईक साखर सांभाळणारे. म्हणून आम्ही सालासकट जोरदार वाफेवर लवकर शिजवतो, सोलून गरम असतानाच कुस्करतो आणि मोठ्या परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवतो, वाफ निघून जाईपर्यंत. हे पसरणं कोणी गाळू बघेल तर मी गाळू देत नाही, सगळा कुरकुरीतपणा तिथे ठरतो.

उरलेलं पाणी ओढून घ्यायला नारळाचं पीठ. हे आमच्याकडे फुकटात जमण्यासारखं आहे, कारण रस काढून झाला की जो चोथा उरतो तो गोव्यात रोज कितीतरी घरांत गुरांना जातो किंवा झाडाच्या मुळात टाकतात. तो चोथा ड्रायरमध्ये सुकवून दळला की झालं पीठ, आणि ते इतकं पाणी पितं की चमचाभर जास्त पडलं तरी वॉफल भुसभुशीत होतं. म्हणून बॅटर कालवून दहा मिनिटं ठेवायचं आणि मगच घट्टपणा बघायचा. घरी करणाऱ्यांसाठी माप सांगते: एक कप गार झालेला गर, दोन अंडी, दोन टेबलस्पून नारळाचं पीठ, तीन टेबलस्पून काजूची पूड, एक टेबलस्पून खोबरेल, चिमूट मीठ, हवा तर माडाचा गूळ किसून चमचाभर, आणि अगदी शेवटी पाव टीस्पून खायचा सोडा आणि एक टीस्पून लिंबाचा रस. काजू तुकडा घेतला तरी चालतो, अख्खा काजू दळणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

बेकिंग पावडर का नाही असं सगळेच विचारतात. कारण बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरीत मक्याचं पीठ घातलेलं असतं, ओलावा लागू नये म्हणून, आणि मका हे धान्य आहे, मग आपण धान्य नाही असं पाकिटावर कसं लिहिणार. तसंच हिंगाचं. आपल्या डब्यातला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, मागे छापलेलं नीट वाचा एकदा. मिरची, कोथिंबीर आणि कांदा घातलेलं आमचं तिखट वॉफल आहे ना, त्यात हिंग घालायचा मोह फार होतो, पण घालत नाही. ज्या घरात सीलिअॅकचं पोर आहे त्या घराला चिमूटभर पण चालत नाही.

भाजताना मशीन चांगलं तापू द्यायचं, ब्रशने खोबरेल लावायचं, बॅटर घालून झाकायचं आणि मग हात लावायचा नाही. मैद्याचं वॉफल तीन-चार मिनिटांत होतं, याला सहा-सात लागतात, बाजूने येणारी वाफ थांबली की समजायचं झालं. काढून ताटात ठेवलं की खालून घाम येऊन मऊ पडतं म्हणून जाळीवरच ठेवायचं.

धंदा म्हणून सुरू केलं ते २०२१ च्या सुरुवातीला, आधी शेजारी मग फोंड्यातल्या ओळखीच्या बायका, करून फ्रीज करायचे आणि पाकिटं द्यायची. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही, आणि फ्रीजरमधला सगळा माल गेला. फ्रोजन माल उणे अठरा डिग्रीवर राहायला हवा, एकदा वितळलेला परत गोठवून मी कोणाला देणार नाही, त्यामुळे सगळं खड्ड्यात पुरलं. जाऊ त्या दिवशी फार रडली. पण त्यातूनच प्रीमिक्स आलं. रताळ्याच्या पातळ चकत्या करायच्या, क्षणभर वाफ द्यायची म्हणजे काळ्या पडत नाहीत, मग ५५-६० डिग्रीला ड्रायरमध्ये कडक सुकवून दळायच्या, चार-साडेचार किलो रताळ्यांचं साधारण किलोभर पीठ होतं. त्यात नारळाचं पीठ आणि काजूची पूड मिसळली की पाकीट विजेशिवाय कपाटात राहतं, घरी फक्त अंडी, पाणी, तेल घालायचं. आज आमचा पावसाळ्यातला धंदा पूर्ण प्रीमिक्सवर आहे, कारण जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, बेसिक रजिस्ट्रेशन पुरायचं, फी वर्षाला १०० रुपये, ते घरबसल्या ऑनलाइन झालं. ड्रायर आणि डीप फ्रीजरसाठी मात्र कर्ज काढलं, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून, त्यात तेव्हा ३५ टक्के सबसिडी मिळायची, जास्तीत जास्त १० लाख. माझं सगळ्या बायकांना सांगणं आहे की अशा योजना बघा, प्रोजेक्ट रिपोर्टला घाबरू नका, एकदा बसून खर्चाचे आकडे लिहिले की आपल्याला आपलाच धंदा कळतो.

लेबलवर काय लिहायचं यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन फ्री लिहायचं तर मालात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं, आणि ते तपासल्याशिवाय लिहिणं मला पटत नव्हतं. म्हणून सुरुवातीला नुसतं धान्य नाही एवढंच लिहिलं, घटक सगळे छापले, आणि लॅबमधून तपासून घेतल्यावरच दुसरा शब्द पाकिटावर आला. किचनमध्ये गव्हाचं पीठ येतच नाही, आम्ही चपात्या पुढच्या घरात करतो, कामाला येणाऱ्या दोघींना डबा बाहेर पडवीत खायला लागतो आणि आत येताना एप्रन बदलायला लागतो. हे त्यांना पहिले काही दिवस विचित्र वाटलं असेल पण पोराला समोर बघतात ना, आता त्या दोघीच नव्या माणसाला दरडावतात.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा जो तो सांगायचा की नाचणीचं वॉफल काढा, जोरात चालेल. नाचणी उत्तमच आहे, ग्लूटेन पण नसतं तिच्यात, माझ्या घरी सत्त्व होतंच. पण ती धान्य आहे आणि आम्ही एक गोष्ट धरून बसलोय ती सोडायची नव्हती.

आणि मग उपास! हा गिऱ्हाईक आमच्या डोक्यातच नव्हता. बाजारात एक आजी पाकीट उलटसुलट करून म्हणाल्या, "बाय, हें उपासाक चलता मगे?" अंडं असल्याने नाही म्हणावं लागलं, पण तिथून उपवासाचं वॉफल सुरू झालं. अंड्याऐवजी भिजवून वाटलेला साबुदाणा आणि शिंगाड्याचं पीठ, सैंधव मीठ, जिरं, मिरची. साबुदाणा कंदाचा आणि शिंगाडा पाण्यातलं फळ, त्यामुळे आमचा धान्य नाही हा नियम पण पाळला जातो. त्यासाठी मशीन वेगळं, ब्रश वेगळा, परात पण वेगळी, अंड्याचा त्याला स्पर्श होत नाही, कारण ज्या बाईने एकादशी धरलीय तिचा विश्वास मला तितकाच मोलाचा आहे. महाशिवरात्र, आषाढी आणि नवरात्र या तीन वेळेला आता आम्हाला हात कमी पडतात.

बाकी गिऱ्हाईक म्हणजे पणजीतले काही कॅफे आणि मांद्रे-आश्वें बाजूची योगा शिकवणारी ठिकाणं, ते ऑक्टोबर ते मार्च. कॅफेवाल्यांशी भावाची घासाघीस होतेच, मैद्याच्या वॉफलशी तुलना करतात, पण काजू आणि अंडी घालून मैद्याचा भाव मला जमणार नाही हे मी स्पष्ट सांगते. एकाने पैसे महिनोन्महिने अडकवले तेव्हापासून नवीन कॅफेला पहिले तीन महिने रोख.

माल वर्षभर लागतो आणि इथली रताळी शिमग्यापर्यंत संपत येतात, मग बेळगावचा माल चोर्ला घाटातून येतो, तिकडे रताळ्याचं पीक मोठं आहे. पण इथल्या शेतकऱ्यांकडून सीझनमध्ये जेवढं मिळेल तेवढं आम्ही आधी घेतो आणि सुकवून ठेवतो. वाकडी, लहान, कुदळ लागलेली रताळी बाजारात कोणी घेत नाही, ती पण आम्ही चांगल्या भावाने घेतो, पिठाला आकार कुठे बघायचाय. आता एकाने नारिंगी गराची भू सोना लावून बघितलीय, तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची जात आहे ती, पांढऱ्या रताळ्यात नसतं तेवढं बीटा कॅरोटीन तिच्यात असतं आणि वॉफलला रंग असा येतो की पोरं आधी तेच उचलतात. खोबरेल असल्याने ते कॅरोटीन अंगी पण लागतं, त्याला फॅट लागतंच.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगते, विशेषतः डायबेटिस असलेल्यांना. धान्य नाही म्हणजे साखर वाढत नाही असं नाही. रताळं स्टार्चच आहे. एक-दोन वॉफल, सोबत अंडं किंवा दही, वरून मध ओतू नका, आणि आपल्या मीटरवर बघा, डॉक्टरांना विचारा. डायबेटिक फ्रेंडली असं लिहा, खप दुप्पट होईल असं एका एजंटने सांगितलं होतं, त्याला चहा पाजून परत पाठवला.

फ्रोजन पाकीट नेणाऱ्यांनी ते मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, रबर होतं. फ्रीजरमधून काढून थेट टोस्टरमध्ये, नसेल तर बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. महाशिवरात्रीच्या ऑर्डरी आठ दिवस आधी सांगा, त्यानंतर खरंच जमत नाही.