तुम्ही विचारलंत म्हणून: या कपाटात आयपॉड टच कशाला?

माझ्याकडे हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्रांचं एक कपाट आहे. गेम बॉय, निन्टेंडो डीएस, सोनीचा पीएसपी अशी मंडळी तिथे ओळीने बसलीयत आणि त्यांच्यातच ॲपलचा एक आयपॉड टच आहे, म्हणजे फोन करायची सोय नसलेला आयफोनच म्हणा. गेमिंगची आवड असलेलं कुणी घरी आलं की बाकी सगळं कौतुकाने बघतं आणि टचपाशी आल्यावर विचारतं, "हा इथे कसा काय? हा तर गाणी ऐकायचा ना? याला तुम्ही गेमिंगचं यंत्र म्हणता?" चहा होईपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगतो, पण विषय त्यात मावत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

माझं उत्तर 'हो' आहे. टच त्या ओळीत हक्काने बसलाय. पण ॲपलवाले त्याची जी कारणं सांगायचे, ती मला कधीच पटली नाहीत.

पहिला आयपॉड टच सप्टेंबर २००७ मध्ये आला. साडेतीन इंची स्क्रीन, खाली एक बटण, वरच्या कडेला चालू-बंदचं एक, बास. आवाज कमीजास्त करायची बटणंसुद्धा त्याला नव्हती, ती २००८ च्या मॉडेलला आली. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं आणि मग चित्रच पालटलं. सप्टेंबर २००९ च्या कार्यक्रमात ॲपलने तक्ताच मांडला: पीएसपीसाठी सहाशेच्या आसपास गेम, डीएससाठी साडेतीन हजारांच्या वर आणि आमच्याकडे एकवीस हजारांहून जास्त. पुढच्या वर्षी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी टच हा जगातला पहिल्या क्रमांकाचा पोर्टेबल गेम प्लेअर असल्याचं मंचावरून जाहीर केलं. निन्टेंडो आणि सोनी मिळून जेवढी यंत्रं विकतात त्याहून टच जास्त विकला जातो, असा त्यांचा दावा होता.

पण गेम किती आणि खप किती, यावरून यंत्राची लायकी ठरत नाही. त्या एकवीस हजारांत दोन मिनिटांत कंटाळा येणारा माल ढिगाने होता. तेव्हा आकडे बाजूला ठेवू आणि बोटांकडे येऊ, कारण आक्षेप खरा तिथला आहे.

बटणांशिवाय गंभीर खेळ होत नाही, असं माझे पाहुणे म्हणतात. त्यांचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते आधी सांगतो. २०१० मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीने 'स्ट्रीट फायटर ४' हा मारामारीचा गेम आयफोन आणि टचवर आणला. स्क्रीनवर डावीकडे काढलेली स्टिक, उजवीकडे काढलेली बटणं. आता हाडोकेन, म्हणजे हातातून ऊर्जेचा गोळा फेकायचा त्यातला प्रसिद्ध वार, मारायचा तर अंगठा खाली, तिथून तिरका पुढे, मग सरळ पुढे, आणि लगेच ठोसा. खऱ्या पॅडवर 'खाली' कुठे संपलं आणि 'तिरकं' कुठे सुरू झालं, हे अंगठ्याखालच्या उंचवट्यावरून कळतं. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. लढाई रंगात आली की अंगठा हळूहळू सरकतो, काढलेल्या स्टिकच्या बाहेर जातो, आणि आपला खेळाडू मार खाऊ लागला की मगच ते लक्षात येतं. मग नजर प्रतिस्पर्ध्यावरून काढून स्वतःच्या अंगठ्यावर न्यावी लागते. त्यात साडेतीन इंचांतला बराच भाग त्या अंगठ्यांनीच झाकलेला. कॅपकॉमने काम मन लावून केलं होतं, तरीही हे टळलं नाही. बटणांसाठी जन्मलेला गेम काचेवर आणला की असंच होणार, आणि यावर मी टचची बाजू घेणार नाही.

पण काचेसाठीच जन्मलेला गेम घ्या. मी नेहमी 'फ्लाइट कंट्रोल' दाखवतो. मेलबर्नच्या फायरमिंट या छोट्या कंपनीने तो २००९ मध्ये काढला, सुरुवातीची किंमत ९९ सेंट. वरून दिसणारा विमानतळ असतो. लाल जेट विमानं वेगाने येतात, पिवळी छोटी विमानं त्यांच्याहून सावकाश, निळी हेलिकॉप्टरं सगळ्यांत संथ. प्रत्येकाची उतरायची जागा त्याच्या रंगाची. विमानावर बोट ठेवायचं आणि धावपट्टीपर्यंत रेघ ओढायची. विमान त्या रेघेवरून जातं. दोन विमानं टेकली की डाव संपला.

पहिली काही विमानं लहान पोरही उतरवतं. मग आकाश भरू लागतं. संथ हेलिकॉप्टरच्या मागून जेट येतंय, म्हणून जेटची रेघ लांब वळसा घालून काढायची. तो वळसा नेमका पिवळ्या विमानाच्या वाटेत येतो, म्हणून ती वाट मोडून नवी काढायची. तेवढ्यात कोपऱ्यात आणखी दोन विमानं उगवलेली असतात. इथे बोट कुठल्याही बटणाच्या बदली काम करत नाही. रेघ हाच विचार आणि रेघ हीच कृती. हाच गेम बाणांच्या बटणांनी खेळायचा म्हटलं तर आधी विमान निवडा, मग कर्सर हलवा, असं करता करता डाव हातचा जाईल. म्हणजे काही खेळांत बटणं अपुरी पडतात आणि काच पुरते. मला टचबद्दल एवढंच सिद्ध करायचं होतं, ते या एका गेमने केलं.

आणि ज्यांना हे पटत नाही, त्यांना मी त्याच कपाटातला डीएस काढून देतो. त्यावर २००५ मध्ये 'कर्बी: कॅनव्हास कर्स' आला. त्यात डीएसच्या स्पर्शाने चालणाऱ्या स्क्रीनवर पेनने इंद्रधनुषी रेघ काढायची आणि त्या रेघेवरून कर्बी हा गोलमटोल नायक घरंगळत जातो. बाणांचं पॅड हाताशी असून त्यात लागत नाही. त्या गेमला कुणी पोरखेळ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. मग तेच काम उघड्या बोटाने केलं की गांभीर्य कुठे जातं? पेटीला पट्ट्या असतात, सारंगीला पडदेसुद्धा नसतात. म्हणून सारंगीवाल्याला कुणी हौशी म्हणत नाही.

'गंभीर' म्हणजे अवघड, असं कुणाच्या मनात असेल तर टेरी कॅव्हना या गेम बनवणाऱ्याचा २०१२ चा 'सुपर हेक्सागॉन' खेळून बघा. मध्यभागी षटकोन, त्याभोवती फिरणारा इवलासा त्रिकोण म्हणजे तुम्ही, आणि चहूबाजूंनी आत झेपावणाऱ्या भिंती. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यावर बोट ठेवलं की डावीकडे, उजव्या अर्ध्यावर ठेवलं की उजवीकडे. पातळी जिंकायला साठ सेकंद टिकायचं. पहिल्याच पातळीवर 'अवघड' असं लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः खरं आहे, बहुतेक जण दहा सेकंदांच्या आत बाहेर पडतात. इथे अंगठा सरकला म्हणून हरलो, असं म्हणायची सोय नाही, कारण अख्खी अर्धी स्क्रीन म्हणजे एक बटण. हरलात तर तुमची नजर कमी पडली. शेजारच्या गेम बॉयवर इतका कडक, इतका प्रामाणिक खेळ मला मोजकाच सापडलाय.

मार्च २०११ मध्ये निन्टेंडोचे प्रमुख सातोरू इवाता यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मोबाईलवरच्या गेमांबद्दल काळजी बोलून दाखवली होती. गेमचं मोल टिकवण्यात या मोबाईल प्लॅटफॉर्मना रस नाही, असा त्यांचा सूर होता. बटणं आणि काच यांच्या वादापेक्षा हा मुद्दा मला कितीतरी जड वाटतो. ९९ सेंटची सवय लागली, मग फुकटाची लागली, आणि फुकट गेमला पैसे दुसरीकडून काढावे लागतात. खेळ बेतताना 'इथे खेळणाऱ्याला मजा येईल' याच्याऐवजी 'इथे तो पैसे देईल' हा विचार पुढे आला. त्यात काचेचा काही दोष नव्हता. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोनेच आयफोनसाठी 'सुपर मारिओ रन' काढला. मारिओ आपोआप धावतो, आपण एका बोटाने उडी मारायची. ही रीत 'कॅनाबाल्ट' या गेमने २००९ मध्येच काचेवर रुजवली होती. उशिरा का होईना, काचेची स्वतःची रीत असते हे मारिओच्या घरानेही मानलं.

मात्र टच एका ठिकाणी कमी पडतो, आणि ते मला मनापासून लागतं. गेम बॉयमध्ये तीस वर्षांपूर्वीची कॅसेट घातली की टेट्रिस सुरू होतो. टचचे गेम विकले गेले ते फक्त दुकानातून उतरवून घ्यायच्या रूपात, आणि दुकानाने फळी रिकामी केली की संपलं. २०१७ मध्ये आयओएस ११, म्हणजे आयफोन-टच ज्यावर चालतात त्या प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि तिच्यावर ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीची, ॲप चालणं बंद झालं. ज्यांच्या कर्त्यांनी नवी आवृत्ती काढली नाही ते सगळे गेम नव्या फोनांवरून एका झटक्यात गेले. 'इन्फिनिटी ब्लेड' तर २०१० मध्ये टच काय करू शकतो हे दाखवायला मंचावर आणलेला गेम. शत्रूची तलवार ज्या दिशेने येते त्याच्या उलट बोट फिरवून ती परतवायची, अशी त्याची सुंदर कल्पना. तोही डिसेंबर २०१८ मध्ये स्टोअरमधून काढला गेला. 'फ्लाइट कंट्रोल'ही आता तिथे नाही. मे २०२२ मध्ये खुद्द आयपॉड टचचंच उत्पादन थांबलं.

म्हणूनच तो त्या कपाटात आहे आणि अधूनमधून चार्ज होतो. बाकीच्या यंत्रांचे गेम दुसरीकडे मिळतील, पण याचे बरेचसे याच्या पोटातच आहेत. तुमच्या घरी जुना टच खणात पडला असेल तर आधी त्याची पाठ आणि स्क्रीन बघा. बॅटरी फुगून स्क्रीन उचलली गेली असेल तर चार्जला लावू नका, जाणकाराकडे न्या. ठीक असेल तर चार्ज करून आत कुठले गेम आहेत ते पाहा. आणि कुणी कितीही म्हणालं, की रिसेट मारला म्हणजे नव्यासारखा चालेल, तरी रिसेट मारू नका. पुसलेले गेम परत उतरवून मिळतीलच याचा भरवसा नाही.