उमेदवाराच्या घराची कुलपे आणि पाच आठवडे अडलेले एक बिल

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या असलेल्या आमच्या उमेदवार बाईंच्या प्रचार समितीची मी विनावेतन खजिनदार आहे. १४ जून २०२५ रोजी मिनेसोटात आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची राहत्या घरी हत्या झाली, आणि पुढच्याच आठवड्यात बाईंच्या टपालपेटीत त्यांच्या घराचा फोटो चिकटवलेले एक निनावी पत्र आले. सीक्रेट सर्व्हिसचे संरक्षण अध्यक्षपदाच्या प्रमुख उमेदवारांना मिळते, प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराला नाही. पोलिसांनी तक्रार लगेच नोंदवून घेतली, पण दाराशी कायमचा पहारा बसवणे त्यांना शक्य नव्हते.

फेडरल म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाचा नवा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू असल्यामुळे बाईंच्या घराच्या सुरक्षेचा खर्च प्रचारनिधीतून करता येणार होता. उमेदवारीमुळेच धोका निर्माण झाला असेल, तर कॅमेरे, कुलपे, अलार्म, व्यावसायिक सुरक्षारक्षक आणि सायबर सुरक्षा यांचा खर्च या निधीतून भागवता येतो. दिवे, दारे, कुंपण अशी घराच्या बांधकामाशी जोडलेली कामेही चालतात. मात्र ती केवळ सुरक्षेसाठी हवीत, घराची किंमत वाढवण्यासाठी नव्हेत.

मला अडवले ते बिलाने. ज्या कंपनीने घराला कॅमेरे आणि कुलपे बसवली तिच्याकडून बाईंच्या यजमानांनी त्याच फेरीत पोर्चला रंग देऊन घेतला आणि छताचा पंखाही बसवून घेतला. त्यात गैर काही नव्हते, पण कंपनीने या सगळ्याचे मिळून ‘घर सुरक्षा पॅकेज’ असे एका ओळीचे बिल पाठवले. रंग आणि पंखा हा वैयक्तिक खर्च आहे, तो यजमानांच्या खात्यातूनच गेला पाहिजे, म्हणून बाबवार बिल द्या, असे मी लिहिले. उत्तर आले की त्यांच्या संगणकात पॅकेजचे बिल फोडता येत नाही. दुसऱ्या फोनवर वेगळाच माणूस होता आणि त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. तिसऱ्या फोनवर व्यवस्थापकांनी मोठ्या आपुलकीने सांगितले, ‘आम्ही बाईंचे समर्थक आहोत, निम्मेच पैसे द्या आणि विषय मिटवा.’ हे ऐकून मी घाबरले, कारण फेडरल उमेदवाराला कॉर्पोरेशनकडून म्हणजे नोंदणीकृत कंपनीकडून देणगी घेण्यास मनाई आहे, आणि इतर गिऱ्हाइकांना न मिळणारी सूट ही वस्तुरूपाने दिलेली देणगीच ठरते. पूर्ण बाजारभावच द्यायचा आहे, हे त्यांना पटवण्यात आणखी एक आठवडा गेला. आम्ही पैसे देण्यासाठी मागे लागलो होतो आणि समोरचा माणूस ते घेण्यासाठी एक कागद नीट करायला तयार नव्हता, याचा राग मला अजूनही येतो.

शेवटी मी ते बिल आणि झालेल्या कामांची यादी छापली, यादीतल्या सुरक्षेच्या वस्तूंवर हिरवी आणि घरकामावर लाल खूण केली आणि कंपनीच्या कचेरीत जाऊन बसले. तिथल्या हिशेबनीस बाईंनी वीस मिनिटांत दोन स्वतंत्र बिले काढून दिली. पाच आठवड्यांनी प्रश्न सुटला होता. गाडीत बसल्यावर मला रडू आले. म्हणून सांगते, काम सुरू होण्यापूर्वीच दोन वेगळे करार करून घ्या आणि विक्री विभागाऐवजी थेट हिशेबनिसांशी बोला.

आयोगाला द्यायच्या १५ ऑक्टोबरच्या तिमाही अहवालात ही नोंद विनासायास गेली. एकाच व्यक्तीला किंवा कंपनीला दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की नाव, पत्ता आणि खर्चाचा हेतू लिहावा लागतो; आम्ही ‘उमेदवाराच्या घरासाठी सुरक्षा कॅमेरे व कुलपे’ असे लिहिले. हा अहवाल कोणालाही वाचता येतो, त्यामुळे कॅमेरे कुठे बसवले आहेत याचा तपशील त्यात घालू नका.

सुरुवातीलाच सांगायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली. धमकीचे मूळ पत्र, पाकीट आणि पोलीस तक्रारीची प्रत बिलांसोबत एकाच फाईलमध्ये ठेवा, कारण धोका उमेदवारीमुळे होता हे त्यावरूनच दाखवता येते. हिशेबाची कागदपत्रे अहवालानंतर तीन वर्षे जपावी लागतात. आमची फाईल माझ्या कपाटात, कुलपात आहे.