‘अ‍ॅट’ चिन्हाने सुरू होणारी ओळ

नागपूरच्या धरमपेठेतील एका छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर बावीस जणांच्या मेलपेट्या आहेत, पण लिनक्सवर त्यांपैकी एकाचेही खाते नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रामची ही सोय मला फार मोलाची वाटते: एका फाइलीत डावीकडे पूर्ण पत्ता आणि उजवीकडे फोल्डरचा मार्ग लिहायचा, त्या फाइलीचा शोधता येण्याजोगा तक्ता बनवणारी ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवायची आणि साऱ्या पेट्यांची मालकी एकाच युजरकडे ठेवायची. मार्गाच्या शेवटी तिरपी रेघ मात्र हवीच; ती असली तर मेलडिर पद्धतीने प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते, नसली तर सगळी पत्रे एकाच फाइलीत साठत जातात.

मागच्या उन्हाळ्यात, ऐन नवतपात, संस्थेने सांगितले की पत्ता चुकलेली पत्रेही कार्यालयात पोहोचली पाहिजेत. मी व्हर्च्युअल अलियासच्या, म्हणजे एका पत्त्याची पत्रे दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या, फाइलीत एक ओळ घातली: डावीकडे नुसते ‘अ‍ॅट’ आणि डोमेन, उजवीकडे कार्यालयाचा पत्ता. दुपारी लेखापालांचा फोन आला, की सकाळपासून एकही पत्र आलेले नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, ‘टू’समोर (पत्र गेले तो पत्ता) कार्यालयाचा पत्ता होता आणि ‘ओरिग टू’समोर (मूळ पत्ता) लेखापालांचा.

कारण असे, की पत्र रांगेत शिरतानाच अलियासचा तक्ता पाहिला जातो आणि पेट्यांचा तक्ता त्यानंतर, पत्र पोहोचवताना. पहिल्या तक्त्यात लेखापालांचा पूर्ण पत्ता नव्हता, त्यामुळे शोध डोमेनच्या ओळीपर्यंत गेला आणि तिथेच पत्ता बदलला. त्यांची पेटी शाबूत असूनही तिच्यापर्यंत पत्र जाण्याची वाटच उरली नव्हती. उपाय सोपा होता: बावीसही पत्ते अलियासच्या फाइलीत स्वतःकडेच वळवून लिहिले आणि ‘पोस्टमॅप’ला ‘क्यू’ हा शोधाचा पर्याय जोडून एकेक विचारून पाहिला.

पुढे विचार करून मी ती ओळच काढून टाकली. अनोळखी पत्ता ५५० क्रमांकाच्या उत्तराने नाकारला, तर पाठवणाऱ्याला आपली चूक लगेच कळते. शिवाय त्या ओळीमुळे कोणत्याही काल्पनिक नावाने येणारा कचरा आत घेतला जात होता. लोक खरोखर चुकतात ते एकाच ठिकाणी, ‘कार्यालय’ रोमन लिपीत लिहिताना शेवटी ‘ए’ लावायचा की नाही इथे. आता अलियासच्या फाइलीत ती दोन्ही रूपे आहेत.